बसेल त्याला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडी, बुटकी आणि, स्पष्टच सांगते, जरा तुसडी. गोड ऐकायचं असेल तर शेजारच्या खोलीत बक्षिसांच्या ढालींचं कपाट आहे, ते हवं तेवढं गोड बोलतं.

माझा जन्म या शाळेच्या सुतारशाळेत झाला. त्या वर्षी शाळेत एक समुपदेशक बाई आल्या. शाळा संपत आलेल्या मुलांनी पुढे काय शिकावं, कोणत्या कामाला लागावं, हे त्यांच्याशी बोलून ठरवायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना ताई म्हणत. जिन्याखालची खोली मिळाल्यावर त्यांनी सुतारकामाच्या मास्तरांना एक बुटकी खुर्ची करायला सांगितली. ताईंचं म्हणणं असं, की लहानखुऱ्या मुलांचे पाय खुर्चीतून लोंबकळतात, आणि पाय अधांतरी असले की माणूस समोरच्याच्या हो ला हो करतो. मास्तरांनी आधी हसण्यावारी नेलं. मग वर्गातल्या सगळ्यांत ठेंगण्या मुलीला उभं करून माप घेतलं आणि तेवढे माझे पाय कापले. पाय कापल्याचा अभिमान बाळगणारी खुर्ची मी एकटीच असेन.

ताईंचा नियम एकच होता. या खुर्चीत जो बसेल त्यालाच प्रश्न, आणि त्याचं बोलून होईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. आईवडील मागच्या बाकावर बसत. एक मुलगा तर कितीतरी वेळ माझ्या कडेचा रंग खरवडत बसला होता. मागून त्याच्या आईने त्याच्या वतीने तोंड उघडलं, तर ताईंनी नुसतं बोट वर केलं. शेवटी तो बोलला, आणि बाहेर पडताना आई म्हणाली, हा एवढं बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. ताई सगळ्यांना हवं ते देत होत्या असं नाही. कुणाला वाटेतले खड्डेही दाखवत. पण आधी ऐकत. दुसऱ्या शाळांतली माणसं ही खोली बघायला येत, मला हात लावून बघत. तेव्हा मला मोठा भाव होता.

मग ताई निवृत्त झाल्या. त्यांची जागा कोणी भरली नाही. ज्यांचे तास कमी त्यांच्या गळ्यात हे लोढणं, अशा हिशेबाने ते भूगोलाच्या सरांच्या गळ्यात पडलं. त्याच सुमारास मागचा बाक खेळाच्या खोलीत गेला आणि परत आला नाही. आता खोलीत सरांची खुर्ची आणि मी, एवढंच. घरचं मोठं माणूस आलं की त्याला उभं कसं ठेवायचं? ते माझ्यावर बसे, मूल मागे उभं राहे. नियम मात्र सरांनी इमानाने पाळला. बसेल त्यालाच प्रश्न.

त्या दिवसांत एक मुलगी होती. औषधांच्या दुकानदाराची एकुलती एक. तिने दोरीने पाऊल न् पाऊल मोजून शाळेच्या आवाराचा नकाशा काढला होता. विहीर, झाडं, मागच्या भिंतीचं भगदाडसुद्धा जागच्या जागी. सरांनी तो कौतुकाने आपल्या खुर्चीमागे खिळ्याला टांगला होता. शाखा ठरवायच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यावर बसली. खोलीत कोणी नव्हतं. पाय जमिनीवर नीट टेकवून ती सरांच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "मला जमीन मोजायला शिकायचंय. नकाशे करायचेत." मग पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने. तिसऱ्यांदा आवाज कापला नाही.

तेवढ्यात सर आणि तिचे वडील आले. ती चटकन उठली. वडील बसले. उंच माणूस तो, गुडघे थेट हनुवटीला टेकायचे बाकी होते. वाईट माणूस नव्हे. उभं आयुष्य दुकानात उभं राहून काढलेलं, बसल्यावर त्यांनी सोडलेला सुस्कारा मला अजून आठवतो.

"मुलीचा कल कशाकडे आहे?" सरांनी वडिलांना विचारलं.

"कल कसला, सर. दुकान आयतं आहे. मी उभा राहून केलं, ती बसून करेल."

सरांनी वळून नकाशाकडे पाहिलं. मला आशा वाटली. भूगोलाचाच माणूस, त्याला नाही कळणार तर कुणाला?

"हात चांगला आहे हो तिचा," सर म्हणाले. "पण नकाशांनी पोट भरत नाही. माझ्याकडेच बघा ना."

दोघे हसले. सरांचं हसू आधी संपलं. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचं होतं." बाबा मागे न बघता म्हणाले, घरी बोलू. तिची नखं माझ्या पाठीत रुतली. त्या खुणा अजून आहेत.

पुढे भिंतीला रंग दिला तेव्हा नकाशा गेला, खिळा तेवढा राहिला. सरही गेले. मी खडूच्या खोक्यांखाली धूळ खात पडले. माझा एक पाय सैल झाला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आली. हल्ली नव्या मॅडम आल्या आहेत. त्यांना बोलण्यापेक्षा कॉम्प्युटरवर टिपण्याची घाई. दुसरी खुर्ची मिळाली नाही म्हणून मला पुन्हा बाहेर काढलं.

परवा एक बाई मुलीला घेऊन आल्या. मनगटाला औषधांच्या पुड्यांचं रबर, अंगाला दुकानाचा वास. दारातच त्यांची नजर त्या रिकाम्या खिळ्यावर गेली आणि मी ओळखलं. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, बसा. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बोटं बरोबर त्या खुणांवर आली, आणि थांबली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मी, लाकडाची खुर्ची, मनातल्या मनात विनवत होते, की बाई, तिला बसव.

त्या बसल्या.

"मुलीचा कल कशाकडे आहे?"

"कल कसला, मॅडम," त्या म्हणाल्या, हुबेहूब बापाच्या आवाजात. "दुकान आयतं आहे."

मागे लहान बोटं माझी पाठ चाचपत होती. त्यांना खुणा सापडल्या.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं सांगून आमच्यासारख्यांची कहाणी संपते. माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. पण उद्या तुम्हालाही अशा एखाद्या खोलीत नेतील आणि तिथे खुर्ची एकच असेल. आधी तुम्ही बसा. उद्धट म्हणतील, म्हणू देत. आणि मोठे होऊन आपलं मूल घेऊन आलात, तर उभे राहा. पाय दुखतील. दुखू देत.