शुक्रवारपर्यंतची म्हातारी

“आजी, तू शुक्रवारी मरणार ना?”

वकीलबाईने हे विचारलं तेव्हा तिचा एक पाय आजीच्या मांडीवर होता आणि लोकरी मोजा टाचेपाशी येऊन अडकला होता. मोजा गेल्या वर्षीचा, पाय या वर्षीचा. पोरगी साडेपाच वर्षांची, पण प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घ्यायची, म्हणून आजीनेच तिला वकीलबाई केलेलं.

“कोण म्हणालं?”

“आई. फोनवर. म्हणाली, शुक्रवारपर्यंत म्हातारीला मारून टाकते, मग तुम्हीही सुटलात आणि मीही सुटले.”

आजीने मोजा एका झटक्यात वर ओढला.

“मग खिडकीजवळची गादी मला?”

“आधी मरू तर दे. दुसरा पाय आण.”

थंडी पडून चारच दिवस झाले होते, पण घराचं वेळापत्रक कोलमडायला तेवढे पुरले. पेटीतून स्वेटर निघाले ते डांबरगोळ्यांचा वास घेऊन आणि बाह्या कोपरापर्यंत आखडून. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळेनात. धाकटा फुगा, गालांवरून ज्याला फुगा म्हणायचे तो, नाकाने शिटी वाजवत सगळ्या घरभर रांगत होता. आणि या सगळ्याच्या मधोमध, फ्रिज आणि कपड्यांच्या स्टँडच्या बेचक्यात, वीतभर टेबलाशी बसून सून गोष्टी लिहीत होती. केसांत खुपसलेली पेन्सिल, एक पाय फुग्याच्या झोळीला झोका द्यायला आणि दुसरा वकीलबाईने ओढू नये म्हणून खुर्चीखाली दडवलेला. खोकल्याच्या औषधाचं रिकामं खोकं दिसलं तरी ते उलगडून आतल्या बाजूला चार ओळी खरडायची. दूध उतू गेलं की म्हणायची, “एक वाक्य, आई, फक्त एक वाक्य.” त्या एका वाक्यात सकाळचं सगळं दूध जायचं.

नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तेव्हा पोरं आजीकडे आणि आजी कुणाकडेच नाही, असा त्या घराचा कारभार होता.

आजी म्हणजे साधी बाई नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत एकतीस वर्षं इस्त्री केलेली. शाळा दुसरीपर्यंत, पण तिच्या हातच्या घडीला मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा बोट लावायला कचरायच्या. लॉन्ड्रीतल्या पोरी मागून तिला कडकबाई म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं. अजूनही घरात चादर घडी करायची तर ती कुणाला हात लावू द्यायची नाही. आधी चारही कोपरे अंगठ्याने चाचपायचे, मग काठाला काठ. “कोपऱ्यात काय खजिना आहे का, आई?” असं मुलगा हसायचा. ती म्हणायची, “तू तुझं बघ.”

वकीलबाईला शाळेच्या गाडीत चढवून ती परत आली आणि थेट टेबलासमोर उभी राहिली.

“शुक्रवारी किती वाजता?”

सुनेने मान वर केली नाही. “काय किती वाजता?”

“मला मारणार आहेस ना? नाही म्हणजे, आंघोळ आधी उरकून घेऊ की नंतर तुम्हीच घालाल?”

सून आधी खदखदून हसली. मग तिच्या लक्षात आलं की समोरची हसत नाहीये. “अहो आई, गोष्टीतली म्हातारी! संपादकांना सांगत होते. तुम्ही नाही हो.”

“गोष्टीत म्हातारी आली कुठून? विकत आणलीस? तुझ्या आठ बाय दहाच्या जगात म्हातारी म्हणावी अशी मी एकटीच.”

“गोष्टीतली माणसं अशी सरळ उचलत नसतात, आई.”

“वाकडी उचलतेस म्हणजे.”

सून उठली, फुग्याला काखोटीला मारलं आणि त्याचं नाक पुसायला गेली. नाक पुसण्याइतकं कारण तिला नेहमी मिळायचं.

दुपारी ती फुग्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. टेबलावर छापून ठेवलेले कागद होते, वर दुधाच्या पेल्याचं गोल वर्तुळ. आजीने दार लावून घेतलं, चष्म्याची काच शालीला पुसली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला बसली. तिचं वाचणं म्हणजे खडी फोडणं. एकेक जोडाक्षर अडवायचं, ते फोडल्याशिवाय तिला पुढे जाता यायचं नाही. पाऊण तासात दीड पान झालं.

‘म्हातारीच्या अंगाला पेटीत पडून राहिलेल्या कपड्यांचा वास यायचा.’

आजीने कागद खाली ठेवला. स्वतःच्या बाहीचा वास घेतला. साबण. परत घेतला. साबणच. एकतीस वर्षं अख्ख्या इस्पितळाची घाण उकळून काढली, आणि वास म्हणे पेटीचा! तिला वाटलं, येऊ दे आता घरी, डांबरगोळी तिच्या चहातच टाकते.

पण खालची ओळ वाचली आणि राग जागच्या जागी बसला.

‘तिने आयुष्यात कुणाला छान म्हटलं नव्हतं.’

ही ओळ तिने दोनदा वाचली. जोडाक्षरासाठी नव्हे. मुलगा पहिला नंबर घेऊन घरी आला तेव्हा ती म्हणाली होती, “ठीक.” त्याने बायको म्हणून या पोरीला दाखवली तेव्हाही, “ठीक.” सुनेची पहिली गोष्ट छापून आली, तेव्हा ती मासिक दोन्ही हातांत धरून लहान पोरीसारखी दारात उभी राहिली होती. आजीने पान उलटून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, “अक्षर फार बारीक आहे.”

लॉन्ड्रीत छान म्हणायची पद्धतच नव्हती. डाग राहिला तर बोलायचं. नाही राहिला तर पुढची चादर घ्यायची.

तिने कागद पूर्वी होते तसेच ठेवले, पेल्याचं वर्तुळसुद्धा त्याच कोपऱ्यात आलं की नाही ते पाहून.

गुरुवारी फुग्याला ताप चढला. सकाळपासून तो सुनेच्या खांद्याला चिकटून होता आणि ती तशीच, त्याला एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी टाइप करत होती. एकदा त्याने लॅपटॉपवर पाय झाडला आणि अर्धं पान पुसलं गेलं. ती ओरडली नाही. नुसती पडद्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. आवाज नाही, हुंदका नाही, नळ गळावा तसे.

“आण इकडे त्याला,” आजी म्हणाली.

“राहू दे. तुम्ही रात्रभर घेतलाय.”

“आण म्हटलं ना. रडायचं तर दोन्ही हात मोकळे ठेवून रड.”

सुनेने पोर दिलं. “शेवट सापडत नाहीये, आई. दोनदा मुदत वाढवून घेतलीय. उद्या नाही दिली तर यापुढे पाठवू नका म्हणालेत. सात वर्षं झाली, त्या एकाच ठिकाणी मला कुणी विचारतं. तेही गेलं तर मी नुसती...” ती थांबली. नुसती काय, ते तिने सांगितलं नाही. स्टँडवरच्या ओल्या लंगोटांकडे पाहिलं फक्त.

“काय लिहिलंयस?”

“म्हातारी झोपेतच जाते. खिडकीबाहेर झाडाचं शेवटचं पान गळतं.”

“त्यासाठी म्हातारी कशाला मारायला हवी? पान तसंही गळतंच की.”

सुनेला हसू आलं, नाक ओढत.

“आणि झोपेत म्हणे! इतकं सोयीचं कुणी मरत नाही. तुझी म्हातारी काय काम करायची?”

“लॉन्ड्रीत,” सून हळूच म्हणाली.

“वाटलंच. पेटीचा वास येणारी लॉन्ड्रीवाली.” सून लालबुंद झाली, पण आजी फुग्याला थोपटत पुढे बोलत राहिली. का बोलली, ते तिलाही नंतर नीट सांगता आलं नसतं. ‘छान’ देता येत नव्हतं, म्हणून दुसरं काही द्यावंसं वाटलं असेल. “आमच्याकडे माणूस मेलेला कधी दिसायचा नाही. आम्ही तळघरात. वर कोण आलं, कोण गेलं, आम्हाला काय कळणार? चादर सांगायची. वॉर्डात कुणी गेलं की आया त्याच्या चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारून खाली पाठवायची. गाठीची चादर वेगळी, दोनदा उकळायची. म्हणजे सकाळी गाठोडं सोडलं की समजायचं, आज वर दोन रिकाम्या खाटा. नाव नाही, गाव नाही. गाठ.”

सुनेचा हात केसांतल्या पेन्सिलीकडे गेला होता. औषधाचं खोकं उलगडलं गेलं होतं. तिच्या डोळ्यांत असा उजेड आला की आजीला वाटलं, आपण घराची किल्ली चोराच्या हातात दिली.

“आई, कधी ओळखीच्या कुणाची चादर आली का हो?”

फुगा झोपेत नाकाने शिटी वाजवत होता. आजीने त्याच्या कानावरची टोपी सारखी केली.

“नाही.”

“कधीच नाही?”

“हजार चादरी रोजच्या. ओळख काढत बसलो असतो तर झालंच. लिही तू.”

टाइप करायचा आवाज सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. चहा समोर गार झाला. वकीलबाई दोनदा जाऊन आली आणि दोन्ही वेळा खटला हरल्यासारखी परत आली.

शुक्रवारी दुपारी सुनेने कागद आणून आजीच्या मांडीवर ठेवले. “पाठवायच्या आधी तुम्ही वाचा. शेवटचं पान तरी.” आणि ती खाटेच्या काठावर टेकली, हात मांडीखाली दाबून.

आजीने बोट धरलं.

‘तेव्हापासून म्हातारी कुठलीही चादर घडी करताना आधी चारही कोपरे अंगठ्याने चाचपायची. घरच्यांना वाटे, खोड आहे. पण एका सकाळी गाठोडं सोडताना तिच्या हाताला जी गाठ लागली होती, ती तिच्या नवऱ्याच्या चादरीची होती.’

बोट तिथेच थांबलं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलालाही नाही. तो तेव्हा पाळण्यात होता. या पोरीने काही ऐकलं नव्हतं, काही विचारून काढलं नव्हतं. फ्रिज आणि स्टँडच्या बेचक्यात बसून, पोरांची नाकं पुसता पुसता, सात वर्षं नुसता अंगठा बघितला होता.

ती पुढे वाचू लागली. पुढे म्हातारी त्या चादरीत तोंड खुपसते. हंबरडा फोडते. सगळी लॉन्ड्री थांबते, भट्ट्या थांबतात, बाया तिच्याभोवती गोळा होतात.

असं झालं नव्हतं.

वर नवरा पुरुषांच्या वॉर्डात पडून होता आणि त्याच्या पाठीला टोचू नये म्हणून तिने एक जुनी, मऊ पडलेली चादर शोधून, फाटलं होतं तिथे स्वतः रफू करून, आयेच्या हातात दिली होती. रोज तीच खाली यायची, रोज तीच वर जायची. त्या सकाळी ती गाठ मारून आली. रफूवर हात फिरला आणि तिला कळलं. निरोप घेऊन येणारा माणूस अजून जिन्यावरच होता. तिने चादर दोनदा उकळली. पिळली. इस्त्री केली. काठाला काठ लावून घडी घातली, ढिगावर ठेवली. तो माणूस दारात उभा राहून वाट बघत होता, त्याला म्हणाली, “माहीत आहे. आले.” कुणी थांबलं नाही. भट्टी तर नाहीच.

“आई?” सून पुढे वाकली. “काही चुकलंय का? तुम्हाला काही बदलावंसं वाटत असेल तर सांगा. अजून तासभर आहे.”

सांगितलं असतं तर गोष्ट सरस झाली असती. एवढी अक्कल दुसरी शिकलेल्या बाईलाही होती. ती रफू, ती इस्त्री, जिन्यावरचा तो माणूस. या पोरीने त्याचं सोनं केलं असतं. आणि मग ते महिनाभर कुणाकुणाच्या घरात, चहाच्या टेबलावर, उघडं पडलं असतं.

आजीने कागद जुळवले. कडा ठोकून सारख्या केल्या.

“छान,” ती म्हणाली. “छान लिहिलंयस.”

सून बघतच राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खरोखर रडली. आदल्या दिवशीसारखी नळ गळाल्यासारखी नव्हे, हुंदके देऊन. सात वर्षांची वाट होती ती. रडता रडताच उठली आणि गोष्ट पाठवून आली.

वकीलबाई शाळेतून आली ती दप्तर टाकून सरळ खिडकीजवळच्या गादीपाशी.

“आजी, शुक्रवार आहे. तू मेलीस का?”

“हो. हात वर कर, स्वेटर काढते.”

“मग बोलतेस कशी?”

“सवय.”

फुग्याचा ताप उतरला होता. त्याची छोटी चादर तीन दिवसांनी एकदाची वाळली होती. आजीने ती स्टँडवरून काढली, झटकली, गादीवर पसरली. सून टेबलाशी बसून डोळे पुसत होती आणि ओल्या, प्रेमळ नजरेने तिच्या हातांकडेच बघत होती.

कडकबाईने दोन्ही अंगठे मुठीत मिटून घेतले. कोपरे न चाचपताच तिने काठाला काठ लावला.