इशिताचं दही

सोमवारपासून इशितानं दहीभाताची वाटी ढकलायला सुरुवात केली आणि माझा पहिला संशय सासूबाईंवर गेला.

इशिता सहा वर्षांची. ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. खाते तीनच गोष्टी: दहीभात, खारी आणि केळं. त्यातला दहीभात गेला तर पोरगी काय हवा खाऊन जगणार? जे ती खाते त्यात काही लपवून घालू नका, असं थेरपिस्टनं बजावलं होतं. पण मी ऑफिसात असते आणि दुपारचं तिला आई, म्हणजे सासूबाई, भरवतात. आई राई गावच्या, देवभोळ्या. गेल्या वर्षी त्यांनी दुधात देवीचा अंगारा कालवला, तेव्हापासून पोरीनं दूध सोडलं ते सोडलंच.

बाकी इशिता मजेत होती. संध्याकाळी माझा नवरा प्रणय दही लावायला लागला की धावत जाऊन त्याचा हात ओढायची. बापाचा केवढा लळा, म्हणून मी फोटोही काढला.

"आई, भातात काय घातलंत?"

"मी काय बी न्हाय घातला. देवाशपथ!"

अंगाऱ्याच्या वेळीही हेच म्हणाल्या होत्या. मी त्यांचे डबे हुंगले. शेवटी रजा टाकून दाराआड उभी राहिले. आईंनी भात घेतला, दही, मीठ, बस्स. इशितानं वाटी हुंगली आणि ढकलली.

म्हणजे गडबड दह्यातच होती.

संध्याकाळी मी अचानक स्वयंपाकघरात शिरले. प्रणयच्या एका हातात विरजणाचा चमचा, दुसऱ्या हातात आयर्नच्या थेंबांची बाटली.

"अगं, हिमोग्लोबिन कमी आहे तिचं. मी चाखून बघितलंय, काही कळत नाही!"

"तुला कळत नाही!" मी ओरडले. इशिता त्याच्या मनगटाला लोंबकळत होती. लळा कसला, ती त्याला अडवत होती.

आई दारात उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

डेअरीतून नवं विरजण आणून मी इशितासमोर दही लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी बराच वेळ हुंगली. मग आईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि प्रणयवर नजर रोखून बसून राहिली.

"खा ना बाळा," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"तू भायेर जा रं," आई हळूच म्हणाल्या.

तो उठून जिन्यात गेला. दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा इशितानं पहिला घास घेतला.