बुडवायचं की शिंपडायचं

शिंपी एका गिऱ्हाइकाची पँट कमरेत सैल करत बसला होता, तेव्हा हॉस्पिटलातून फोन आला. मुलगी झाली आणि बायको गेली, दोन्ही एकाच दमात सांगितलं. त्याने उठून मशीनवर झाकण घातलं, तेही नीट घातलं. अर्ध्या रस्त्यात गेल्यावर त्याला कळलं की पायात चपला नाहीत.

मातीला दोन्ही घरं आली, रडलीही सारखीच. पण कबरीवरची माती वाळायच्या आत भांडणाला तोंड फुटलं.

शिंप्याची आई फादरच्या चर्चची. तिथे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं की झाला बाप्तिस्मा. सासरे पास्टरच्या मंडळीतले. तिथे माणूस कळता झाला, आपल्या तोंडाने विश्वास कबूल केला, की त्याला हौदात पुरता बुडवायचा. शिंपी दोन्हीकडचं शिवायचा. इकडे बाळांची लांब पांढरी झबली. तिकडे मोठ्यांचे पांढरे झगे, घेरात शिशाचे तुकडे घालून, म्हणजे पाण्यात झगा वर तरंगून भक्ताची अब्रू जायला नको. कापड एकाच ताग्यातलं.

त्याला आता एवढंच हवं होतं, की दुकान चालू असताना पोरीला कुणीतरी सांभाळावं.

"सांभाळते की," आई म्हणाली. "आधी बाप्तिस्मा होऊ दे. तसंच पोर मांडीवर घेऊन बसू? उद्या काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"तिच्या आईचं काय झालं?"

शिंपी पोरीला घेऊन दुकानात परतला.

सासऱ्यांची तऱ्हा उलटी. "जावईबापू, पोरीला तिची आजी तळहाताच्या फोडासारखं जपील. पण हे पाणी घालणं नको. तिला काय कळतंय? मोठी होईल, स्वतः ठरवील."

"तोवर अंघोळ घालायची का?"

"थट्टा नको."

शेवटी एका दुपारी, कापड आणायला जायचं म्हणून, त्याने पोरीला आईकडे ठेवलं. परत येतो तो पोर भोकाड पसरून रडतंय, डोकं ओलंचिंब, आणि दारात सासरे उभे.

"मी केला बाप्तिस्मा," आई पदर खोचून म्हणाली. "अडीअडचणीला कुणीही करू शकतं. फादरांनीच सांगितलंय."

"कसली अडचण?"

"तिला शिंक आली."

सासरे हसले. देवाधर्माची माणसं हसतात तसं, दात न दाखवता. "विहीणबाई, नळाखाली धरलं की बाप्तिस्मा होतो? मग आमच्या घरचे टोमॅटो रोज तरतात!"

"आणि तुमचा धाकटा? हौदात बुडवून काढलात, तरी रोज पिऊन पडतो. जरा जास्त वेळ धरायचा होता खाली!"

"तो त्याचा निर्णय."

"वा! पिण्याचाही त्याचाच का?"

"नाव काय ठेवलंत मग?"

आईने जीभ चावली. बाप्तिस्मा नाव घेऊन करायचा, आणि घाईत नाव ठेवायचंच राहिलं होतं. "मी फादरांना विचारते," ती म्हणाली. "ते पुन्हा करतील. देवा, आधीचा झाला नसेल तर हा धर, असं म्हणून करतात."

"म्हणजे देवालाही जर-तर!"

शिंप्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. ओट्यावर दुधाची बाटली तशीच भरलेली होती, गार. दोघांना तारणाची एवढी घाई, पण पोरीला भूक लागलीय हे एकालाही दिसलं नव्हतं.

त्याने टॉवेल घेतला, पोरीचं डोकं पुसलं. "तुम्ही दोघं बसा भांडत," तो म्हणाला. "देव कुणाच्या बाजूने आहे ते ठरलं की मला कळवा. आम्ही निघालो."

"अरे, कामाच्या वेळी ठेवशील कुठे तिला?" आईने मागून हाक मारली.

दुकानात ठेवली. कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांची टोपली होती, ती रिकामी करून त्यात जुनी गोधडी घातली. मशीन चालू असलं की पोर झोपते, थांबलं की रडते. गिऱ्हाइकं वाकून बघतात आणि हमखास विचारतात, नाव काय.

बायको म्हणाली होती, तोंड बघून ठेवू. तिला बघायला मिळालं नाही. पोरीचं नाव अजून ठेवायचं आहे.