मोरपंखी ठिगळ

गाडी विकत घ्यायला आलेल्या शिंप्याने तिच्या दारावर लोहचुंबक टेकवला आणि तो खाली पडला. ठमी चटकन बाबांकडे वळली.

तो सांडलेल्या सुया गोळा करायचा चुंबक होता. तो गाडीला असा लावून बघायचा हे शिंप्याला त्याच्या मेहुण्याने शिकवलं होतं. पत्रा असेल तर चिकटतो, रंगाखाली पोचे बुजवायची लांबी भरलेली असेल तर पडतो. बाकी सगळीकडे तो गोचिडासारखा चिकटला होता, पण मागच्या डाव्या दारावर धप्पकन खाली!

"काका," शिंपी बाबांना म्हणाला, "गाडी ठोकली होती, होय ना?"

"छे हो! फाटकाला घासली, तेवढंच. कालच मी रंग मारलाय. ओळखून दाखवा कुठे ते!"

ठमीने कपाळावर हात मारला. निळ्याशार दारावर थाळीएवढं मोरपंखी ठिगळ! बाबांनी काल ती शाळेत असताना हा पराक्रम केला होता. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, त्याला दारावरचा ओरखडा कसा सहन होणार? सकाळी ते पाहून तिने तोंड उघडलं, तोवर शिंप्याची स्कूटर दारात हजर.

आणि आजचा दिवस चुकवून चालणारच नव्हता. बाबांचा एक डोळा लहानपणापासूनच अधू, दुसऱ्याचा पडदा सुटत चाललेला. डॉक्टर म्हणाले होते, सोमवारच्या आत ऑपरेशन, नाहीतर माझ्या भरवशावर राहू नका. आज शनिवार. पैशांसाठी विकण्यासारखी वस्तू ही गाडी एवढीच होती, चौदा वर्षांची. आधी बघून गेलेल्या दोघांपैकी एकाला सीटचं फाटकं कव्हर खुपलं, दुसऱ्याला बंपरचा पोचा. जणू गाडीशी सोयरीकच जुळवायची होती!

"मी पण ठिगळं लावतो काका," शिंपी म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला सांगून. लपवलेलं ठिगळ मला नको." त्याने चुंबक खिशात टाकला. "विचार करतो. सोमवारी कळवतो."

"सोमवारी उशीर होईल!" ठमी किंचाळलीच.

"ठमे!" बाबा म्हणाले. "आवाज खाली. अहो, खाली पोचा नाही, ओरखड्यावर लांबी भरलीय फक्त. रंग इतका जुळलाय की..."

ठमीला ओरडून सांगावंसं वाटलं, जुळला नाहीये बाबा! बाहेरच्यासमोर बाबांना तसं सांगणं म्हणजे भर चौकात त्यांची पाटी पुसण्यासारखं होतं. पण शिंपी स्कूटरला किक मारायच्या बेतात होता.

ती धावत घरात गेली आणि थिनरचा डबा, चिंधी आणि लांबी खरवडायची पत्री घेऊन आली.

"शिंपीकाका, दोन मिनिटं. बाबा, तुम्हीच खरवडा. खाली काय आहे ते दाखवा त्यांना."

"माझं काम खरवडू?"

"हो!"

बाबांनी पत्री घेतली. दाराशी वाकले. हात पुढच्या दारावर फिरला, मग मागच्या, मग खिडकीखाली. पुन्हा पुढे. थाळीएवढं ठिगळ समोर, आणि ते त्यांना सापडेना.

शिंप्याने स्कूटर स्टँडवर लावली.

ठमीने बाबांचा हात धरून ठिगळावर ठेवला. हे इतकं? 'थोडं धूसर दिसतं' म्हणजे इतकं?

थिनरने ओला झालेला रंग चिंधीला आला, कच्ची लांबी पत्रीखाली सोलून निघाली. तळाशी वीतभर ओरखडा आणि सरळ, धडधाकट पत्रा. शिंप्याने चुंबक लावला. टक्!

मग बाबांनीच विचारलं, "ठमे, रंग कोणता झाला होता?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "मोरपंखी."

"अरेरे."

"साडीला छान दिसला असता," शिंपी म्हणाला. मग त्याने विचारलं, "ऑपरेशन आहे का?"

"सोमवारच्या आत," ठमी म्हणाली.

"मग आधी सांगायचं नाही का! मेहुण्याला फोन लावतो, पैसे घेऊन येईल. ओरखड्याचे थोडे कमी करा, बास."

"करा," बाबा म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून पुढे धरली. ती शिंप्याच्या हातापासून चांगली वीतभर बाजूला. शिंप्याने आपला तळहात हळूच सरकवून किल्लीखाली धरला.