पाकिटातल्या पिरोगी

दुकानात काही नवीन आलं की ते आधी साबोलांच्या घरी यायचं आणि मग गावात, असं इर्मा साबोल स्वतःच सांगायची. ती सांगायची म्हणजे त्यावर वाद नव्हता. वाद घालायला आलेली माणसं तिने दारातूनच वाटेला लावलेली होती.

हा नाद तिच्या नवऱ्याचा, एमिलचा. नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडला आणि फ्लोरिडाला फिरायला जायचं ठरलं होतं ते राहूनच गेलं. घरात तोंड पाडून बसणारा नवरा इर्माने खपवून घेतला नसता, हे एमिलला ठाऊक होतं. एका शुक्रवारी तो दुकानातून मिरची-लिंबाचे वेफर्स घेऊन आला आणि पाकीट टेबलावर आपटून म्हणाला, "चल बाईसाहेब, आज मेक्सिकोला जाऊन येऊ." तेव्हापासून दर शुक्रवारी एक नवं पाकीट आणि एक नवी बाटली. समुद्री शेवाळाचे वेफर्स आले तेव्हा जपान झालं. लोणच्याच्या पाण्याचं सरबत आलं तेव्हा इर्माने ते सिंकमध्ये ओतलं आणि एमिल म्हणाला की नळालासुद्धा ठसका लागला.

नियम एकच होता. पहिला घास एमिलचा. त्याने खायचं, डोळे मिटायचे, मग काय लागलं ते सगळं सांगायचं, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत इर्माने तोंड उघडायचं नाही. आठवड्यातून आई तेवढीच काय ती गप्प बसते, असं त्यांची मुलगी डोरीन म्हणायची.

मग एमिलच्या घशात गाठ निघाली. मशीनखाली झोपवून किरणं दिली. गाठ वितळली, पण गळा आतून भाजून निघाला, तोंडातली लाळ आटली आणि चव गेली. "येईल हळूहळू," असं दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली. "कुणाची लवकर येते, कुणाची उशिरा." पण एमिल चार घास खाऊन ताट सारायला लागला. पँट पट्ट्याने बांधून ठेवावी लागली. तेव्हा तीच बाई म्हणाली की असंच चाललं तर पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवू आणि तिच्यातून अन्न देऊ. उशीर मात्र करू नका, अंगात जोर आहे तोवर बसवलेली बरी.

"मला नको," एमिल म्हणाला. "मी काय गाडी आहे, बाजूचं झाकण उघडून भरायला?"

नळी बसवायची तारीख महिनाभरानंतरची मिळाली, आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी एमिलने नव्या सोड्याचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "द्राक्ष! इर्मा, द्राक्ष लागलं मला!"

इर्माने टेबलावर अशी थाप मारली की बाटली पडता पडता राहिली. पुढच्या शुक्रवारी त्याला चीज लागलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी धुरावर भाजलेलं मांस लागलं. इर्माने फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईला चांगलं सुनावलं. "नळीबिळी काही नको आम्हाला. माझ्या नवऱ्याला चव आली आहे. तुमच्या आधी मला कळलं, कारण मी रोज त्याच्या तोंडाकडे बघते, तुम्ही कागदाकडे बघता." फोन आपटून ठेवला आणि चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, करायला जमणाऱ्या सगळ्या बायकांना तो फोन जसाच्या तसा करून दाखवला.

डोरीन वृद्धाश्रमात काम करते. असल्या नळ्या ती रोज हाताळते. ती तेवढी म्हणाली, "आई, त्याचं वजन कुठे वाढतंय? आणि पाकिटावर नाव छापलेलं असतं. वाचून कुणीही सांगेल."

"तुझ्या बापाला चव आली याचं तुला दुःख होतंय का?" इर्मा म्हणाली. इर्मापुढे गप्प होणं डोरीन लहानपणीच शिकली होती.

आणि मग दुकानात पिरोगीच्या चवीचे वेफर्स आले.

तळघरात नुसता गदारोळ झाला. आपण पहाटेपासून कंबर मोडून कणीक मळायची, बटाटा-चीज भरायचं, एकेका पिरोगीच्या काठाला मुरड घालायची, उकडून कांदा-लोण्यावर परतायची, आणि हे लेकाचे ते सगळं भुकटीत करून बटाट्यावर शिंपडणार? हेलेना म्हणाली, मी तर त्या पाकिटाकडे बघणारसुद्धा नाही. "नको बघूस," इर्मा म्हणाली. "तुझी मुरड उघडी पडते उकळत्या पाण्यात, तू तेवढं बघ. पाकिटाचा निकाल एमिल लावेल."

गुरुवारीच तिने पाकीट आणून ठेवलं. शुक्रवारी सकाळी चर्चला निघताना पाकिटाचं टोक कात्रीने कापलं आणि कपड्यांचा चिमटा लावून ठेवला. हे तिचं अलीकडचं. एकदा एमिलच्या बोटांना पाकीट फाडता येईना, तेव्हा तो ते मांडीवर ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला होता. त्यानंतर ती आधीच कापून ठेवायची आणि वर म्हणायची, "हल्ली कंपनीवाले टोकसुद्धा नीट चिकटवत नाहीत."

संध्याकाळी ती परतली तेव्हा केसांत पीठ होतं, बोटं सुजली होती, पण अंगात उत्साह मावत नव्हता. टीव्ही चालू होता. एमिल खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. तिने ताटली घेतली, चिमटा काढला, वेफर्स ओतले. कांद्याचा वास काही येईना. लेकाचे कंजूष, तिच्या मनात आलं, पण नियम म्हणजे नियम.

"चला," ती म्हणाली. "आज लांब जायचं नाही. आज तळघरात जायचं."

एमिल हसला. एक वेफर सोड्यात बुडवून त्याने मऊ केला, कारण कोरडा त्याला गिळवायचा नाही. तोंडात धरला. डोळे मिटले. त्याच्या गळ्याचं हाड वर गेलं, अडलं, मग खाली आलं. इर्मा ओठ घट्ट मिटून पुढे वाकली होती.

"आधी कांदा येतो," तो म्हणाला. "लोण्यात परतलेला, पण पुरता तांबूस नाही झालेला. घाई केली आहे कुणीतरी. मग लोणी येतं. मग आंबट साय. बटाटा आहे, पण तुझ्यासारखा नाही. तू बटाट्यात किंचित मिरपूड घालतेस ना, ती शेवटी घशाला लागते, ती इथे नाही. आणि चीज..." तो थांबला. "चीज बरं आहे. तुझ्या जवळपास फिरकत नाही, पण मेहनत घेतली आहे पोरांनी."

इतकं सविस्तर तो आजारपणाच्या आधीही बोलला नव्हता. इर्माने वेफर उचलला आणि तोंडात टाकला.

मीठ.

तिने दुसरा घेतला. नुसतं मीठ. तिसरा उलटा करून दिव्याखाली धरला. त्यावर ना कांद्याचा कण, ना हिरवा ठिपका, काही नाही. साधा, पांढरट, खारा वेफर.

"काय गं?" एमिल म्हणाला. "कसा आहे?"

"कांदा कच्चा आहे," इर्मा म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

तिने दार लोटलं आणि डोरीनला फोन लावला. बोलायला सुरुवात करायच्या आधीच पोरगी कबूल झाली. "आई, ओरडू नकोस. दुपारी बाबाची औषधं ठेवायला आले होते. तो झोपला होता. मी दोन पाळ्या करून आले होते गं, पोटात काही नव्हतं. एकच खाईन म्हटलं आणि पाकीट कधी संपलं कळलंच नाही. मग फडताळातल्या मोठ्या पाकिटातले साधे वेफर्स भरून चिमटा लावला. उद्या नवीन आणून देते."

डोरीनला वाटलं, आता शिव्या सुरू होतील.

"आई? आहेस ना?"

"आहे," इर्मा म्हणाली. "जेवून जात जा कामाला." आणि तिने फोन ठेवला.

ती परत येऊन एमिलच्या शेजारी बसली. टीव्हीवर कुणीतरी गाडी जिंकली होती आणि उड्या मारत होतं.

"वेफर्स डोरीनने खाल्ले," ती म्हणाली. "पाकिटात साधे मिठाचे होते."

एमिल टीव्हीकडेच बघत राहिला. "हं."

"हं काय? कांदा कुठून आला? लोणी कुठून आलं?"

"तुझ्याकडून," तो म्हणाला. "जन्मभर खातोय तुझ्या पिरोगी. आठवून सांगितलं."

"आणि द्राक्ष?"

"बाटली जांभळी होती."

"धुरावरचं मांस?"

"पाकिटावर डुक्कर होतं, इर्मा. पुरे आता."

"खरं सांग. काय लागतं तुला?"

"भिजलेला पुठ्ठा." त्याने शाल वर ओढली. "कॉफी म्हणजे भिजलेला पुठ्ठा, सूप म्हणजे भिजलेला पुठ्ठा. गिळताना काच गिळल्यासारखं होतं. पण पुठ्ठाच."

"खोटारड्या," ती म्हणाली. आवाज चढवायला गेली, पण तो चढलाच नाही. "मी त्या डॉक्टरीणबाईला फोनवर झाडलं. तळघरात सगळ्यांना नक्कल करून दाखवली."

"माहीत आहे. तू फोन केलास तेव्हा मी इथेच होतो. किती दिवसांनी तुला तसं गुर्मीत बोलताना ऐकलं. बरं वाटलं मला."

"बरं वाटलं! आणि नळीची तारीख गेली ती?"

"ते तर फारच बरं वाटलं."

इर्माला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ कोपरापर्यंत सरकेल अशी अवस्था झाली होती आणि ती हे रोज बघत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघते, असं तिने केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! तोंडाकडेच बघितलं. हाताकडे बघितलं नाही.

"नळीच्या भीतीने बोललास ना?" तिने विचारलं.

"थोडं त्यासाठी." तो म्हणाला. "पण तू पुढे वाकून बसायचीस. पीठ लागलेल्या केसांनी. मी काय म्हणतोय याची वाट बघत. तेव्हा पुठ्ठा म्हणून सांगवेना मला."

ती उठली. फोन घेतला.

"कुणाला लावतेस?"

"दवाखान्याला."

"इर्मा. ठेव तो खाली."

ती नंबर दाबत राहिली.

"इर्मा, मला पोटाला भोक पाडून नाही घ्यायचं. मला बघायचं नाही स्वतःला तसं. तुझ्याकडे आजवर काही मागितलं का मी? हे मागतोय. ठेव फोन."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे रात्रपाळीची नर्स आली. नाव विचारलं. इर्माने पाठ एमिलकडे केली, कारण त्याच्याकडे बघत हे बोलता आलं नसतं.

"साबोल. एमिल साबोलची बायको बोलते. नळीची तारीख मी रद्द करवली होती. त्याला चव आली असं मी सांगितलं होतं. तसं काही नव्हतं. मी खोटं बोलले." मागे खुर्ची करकरली. "हो, मीच. त्याने काही सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनाने बनवून सांगितलं. तो जवळजवळ काहीच खात नाही. लवकरातली लवकर तारीख द्या. तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांगा, म्हातारी फार बोलली, चुकलं तिचं."

जन्मात तिने हे शब्द कुणाला ऐकवले नव्हते. नर्स म्हणाली, सकाळी घेऊन या.

ती वळली तेव्हा एमिलने टीव्ही बंद केला होता. "माझं खोटं तू अंगावर का घेतलंस?" असं तो विचारेल, असं तिला वाटलं. पण भिंतीला धरून तो आपला आपण झोपायच्या खोलीत गेला, आणि तिने पुढे केलेला हात त्याने पाहिला तरी धरला नाही.

डॉक्टरीणबाईने इर्माला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. तिने एमिलला तपासलं, काट्यावर उभं केलं आणि इर्माला बाहेर नेऊन सांगितलं की उशीर बराच झाला आहे, पण बसवू या. बसवली. त्यानंतर एमिल सगळ्यांशी बोलायचा. नर्सशी, डोरीनशी, टीव्हीवरच्या माणसांशी. इर्माशी हो किंवा नाही, एवढंच.

घरी आल्यावर डोरीनने शिकवलं. नळीतून द्यायच्या दुधाचा डबा कसा हलवायचा, नळीचं टोक कसं उघडायचं, पिचकारीतून हळूहळू कसं सोडायचं. पहिल्या दिवशी तिने करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिला कामावर जावं लागलं आणि इर्मा एकटी डबा घेऊन पलंगापाशी बसली. डबा पिवळा होता, त्यावर फुलाचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत व्हॅनिला लिहिलं होतं. जे जिभेला लागणारच नाही, त्याला व्हॅनिलाचा स्वाद घालून कुणीतरी ते कारखान्यात भरलं होतं. इतर कोणत्याही दिवशी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. आज तिने नुसता डबा हलवला आणि पिचकारी भरली.

तिने त्याचा सदरा वर केला. एमिलने नळीवर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"एमिल," ती म्हणाली.

तो हलला नाही. तिने त्याचा हात ओढून काढला नाही. काढता आला असता, त्याच्यात तेवढा जोर उरला नव्हता. पिचकारी हातात धरून ती तशीच बसून राहिली. बाहेर कचऱ्याची गाडी आली, थांबली आणि गेली. बऱ्याच वेळाने त्याची बोटं सैल पडली. त्याने माफ केलं म्हणून की तो थकला म्हणून, हे त्याच्या पाठीवरून कळेना. इर्माने नळीचं टोक उघडलं आणि हळूहळू, एक थेंब बाहेर सांडू न देता, दूध सोडायला सुरुवात केली.