हुंडा नको, फक्त एक सही

या, असे पुढं सरका. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे, दाराशी कुणी अवघडून उभं राहू नका. आज एका पांढऱ्याशुभ्र गाडीची गोष्ट ऐकवायची आहे, आणि त्या गाडीपायी एका लेकीच्या वाट्याला आलेल्या एकटेपणाची. कीर्तनात आपण पूर्वरंगाला माना डोलावतो आणि उत्तररंगाला डोळे पुसतो. घरी गेल्यावर मात्र दोन्ही विसरतो. एवढी एक गोष्ट तशी विसरू नका.

पाटोद्याच्या अलीकडं एक लहानसं गाव आहे. तिथं रविवार उजाडला की अजिनाथ शेडमधल्या गाडीवरचं खाकी आच्छादन उतरवायचा. बादलीत शाम्पूची पुडी, मऊ पिवळं फडकं, काचांना जुनं वर्तमानपत्र. आरशासारखी लख्ख झाली की दार उघडून आत वाकायचा आणि किती किलोमीटर झाले तो आकडा बघायचा. तीन वर्षांत नऊशे चाळीस. बियाणं जपावं तसा तो आकडा त्यानं जपला होता. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. गाडी कमी पळाली की भाव टिकतो, हप्ते फिटले की नव्याच्या भावात विकू आणि पाटोद्यात प्लॉट घेऊ, हे त्याचं गणित साऱ्या गावाला पाठ होतं.

अशाच एका रविवारी पोलिओचे डोस होते. अजिनाथची बायको रोहिणी उपकेंद्रात सिस्टर होती. डबा, पाण्याची बाटली आणि रजिस्टर पिशवीत टाकून ती गाडीच्या शेजारून निघाली आणि फाट्याकडं चालू लागली. तिथून येष्टी, मग पुन्हा पायी. गाडीच्या कागदांवर मालकीण म्हणून जिचं नाव होतं, ती ही बाई.

पहिल्या वर्षी तिनं एकदा म्हणून बघितलं होतं, उपकेंद्रापर्यंत सोडता का. अजिनाथ चिडला नाही. त्या रस्त्याला धूळ लई हाय, एवढंच म्हणाला. त्या घरात कुणी तिच्यावर हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. त्यामुळं शेजारणीला सांगावं असं दुःखच तिच्यापाशी नव्हतं. संध्याकाळी घर टीव्हीपुढं बसायचं, पॉलिश कुठलं चांगलं यावर दोघे भाऊ तासभर बोलायचे, आणि रोहिणी भाकरी थापायची. आज कशी होतीस, एवढं कुणी विचारत नव्हतं. गाडीची चौकशी मात्र आल्यागेल्यानंही केली.

आता हे लग्न जमलं कसं ते ऐका.

रोहिणीचे वडील पंडित, लिंबागणेशचे. बायको लवकर गेलेली, लेक एकुलती. टाळ हातात घेतला की माणूस जगाचा राहायचा नाही. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी लेकीला अंबाजोगाईला नर्सिंग शिकवलं. स्थळं आली. प्रत्येकानं आकडा सांगितला आणि पंडितांनी मान खाली घातली. अशात अजिनाथची आई दगडाबाई चहाला आली आणि म्हणाली, "पावनं, आमाला एक रुपाया नको. पोरगी नोकरीची हाय, बास झालं." पंडितांना तिच्यात देवच दिसला.

साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी अजिनाथ गाडीच्या कर्जाचे कागद घेऊन आला. त्याचं मोबाइलचं दुकान बुडालेलं, त्या कर्जाचे हप्ते थकलेले. सिबिल बिघडलेलं, त्यामुळं कुठली बँक दारात उभी करीना. रोहिणीचं नाव मात्र कोरं करकरीत, वर सरकारी पगाराची पावती. तो म्हणाला, हप्ते मीच भरणार, फक्त सही तुमची. रोहिणीनं वडिलांकडं बघितलं.

"कर बाई सही," पंडित म्हणाले. "देवानं दारात आणलेली मान्सं हायेत."

पुढं लिंबागणेशच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला बुवांच्या कानावर गेलं की अमुक घर हुंड्याविना सून करतंय. बुवांनी दगडाबाईला आणि अजिनाथला पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. मंडपानं टाळ्या वाजवल्या. आपण तिथं असतो तर आपणही वाजवल्या असत्या. बुवांना जेवढं सांगितलं तेवढंच ते बोलले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. टाळकऱ्यांच्या रांगेत पंडित रडत होते आणि रडता रडता टाळाचा ठेका चुकू देत नव्हते.

लग्नाच्या दिवशी गाडी दारात आली. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. अजिनाथ म्हणाला, मामा, बसून बघा. पंडितांनी दाराशी वहाणा काढून ठेवल्या, देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा. आतल्या प्लास्टिकवरून एकदा तळहात फिरवला आणि तो कपाळाला लावला. "बसंन की फुडल्या टायमाला," म्हणाले आणि पुन्हा वहाणा घातल्या.

अजिनाथनं आठ हप्ते भरले. नववा राहिला, दहावा राहिला. घरात कुणी बोललं नाही. रोहिणीला कळलं ते एका बाळाला लस टोचताना. फोनवर कुणी अनोळखी माणूस तिला थकबाकीदार म्हणत होता. त्या महिन्यापासून हप्ता तिच्या पगारातून जाऊ लागला. पुढं तिनं स्वतःसाठी स्कूटी घ्यायचं ठरवलं, म्हणजे फाट्याची पायपीट तरी वाचेल. शोरूममधल्या मुलीनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, ताई, तुमचं नाव आता चालायचं नाही. ज्या कोऱ्या नावासाठी तिला सून करून आणली, ते नाव त्याच घरात मळलं. हे तिनं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. वडिलांना तर मुळीच नाही, कारण ते अजूनही गावभर सांगत होते, माज्या व्याह्यांनी रुपाया घेतला न्हाई.

मागच्या मार्गशीर्षात पंडितांना धाप लागू लागली, पाय सुजले. रोहिणीला वाटलं अंबाजोगाईला न्यावं. तिथले वॉर्ड तिच्या ओळखीचे. तिनं गाडी मागितली.

दगडाबाई म्हणाली, म्हातारं वकलं तर शिटांचं काय. अजिनाथनं बोटांवर हिशेब मांडला. मग म्हणाला, "जाऊन येऊन दोनशेच्या वर किलोमीटर वाढत्यात बघ. येष्टीनं नेलं तर काय होतंय?"

ती येष्टीनं घेऊन गेली. मांजरसुंब्याला येष्टी बदलायची होती. दीड तास बाप-लेक थांब्यावर बसले. पंडितांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत विचारलं, "गाडी बिघडली का गं?"

"हो आबा. बिघडली."

"तरीच. न्हाईतर जावाई आले आसते." थोडा दम घेतला. "गाडी जपून ठिवा म्हनावं. तुज्या नावाची हाय."

दुसऱ्या येष्टीत गर्दी होती. केजपर्यंत ते दांड्याला धरून उभे होते. चौथ्या दिवशी पंडित दवाखान्यातच वारले. डॉक्टरांनी शर्थ केली. गाडीनं नेलं असतं तर वाचले असते, असं कुणी म्हणणार नाही आणि रोहिणीही कधी म्हणाली नाही. पण उभं राहावं लागलं नसतं. आणि गाडी बिघडली, हे खोटं तिला शेवटी बापाशी बोलावं लागलं नसतं.

चैत्रात अजिनाथच्या धाकट्या भावाचं, अभिमन्यूचं बघायचं ठरलं. मुलगी अंबाजोगाईची, कॉलेजात कारकून, नाव सुनिता. तिथं गाडीनंच जायचं, हे ओघानं आलंच. आदल्या दिवशी चावी फिरवली तर गाडी हूं की चूं करीना. पाटोद्याहून मुबीन मेस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं आणि आतून उंदराचं घरटं काढलं. वायरी कुरतडलेल्या, बॅटरी मेलेली, एकाच जागी उभं राहून टायर खाली चपटे झालेले. मग त्यानं सीटवरचं प्लास्टिक उचललं. आत ओल कोंडून काळी बुरशी धरली होती.

"अजिनाथभाऊ, गाडी ठिवून टिकत न्हाई," मुबीन हात पुसत म्हणाला. "चालवली तर टिकती. हिला तुमी जपून जपून मारली."

भाव किती उतरंल, अजिनाथनं विचारलं. मुबीननं सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला आणि त्याचे डोळे भरून आले. रोहिणी उंबऱ्यात उभी होती. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी ती पहिल्यांदाच बघत होती. पंडितांना अग्नी देतानाही ते आलं नव्हतं.

मुबीननं दिवसभर खपून गाडी चालती केली. बुरशीवर प्लास्टिक परत ओढून बसवलं. दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं सुनेला चांगलं लुगडं नेसायला लावलं आणि बजावलं, तिथं दोन शब्द गोड बोल. गाडी लिंबागणेशवरून गेली तेव्हा सासूनं काचेतूनच गणपतीला हात जोडले. मांजरसुंब्याला रोहिणीनं तो थांबा बघितला. तिथं दुसरंच कुणी म्हातारं बसलं होतं.

सुनिताचे वडील मुंजाजी साधा माणूस. पोहे झाले, चहा आला, आणि दगडाबाईनं तीच ओळ म्हटली, "पावनं, आमाला एक रुपाया नको. अभिमन्यूला धंद्याला गाडी घ्यायची, त्येचं नाव बँकेत जरा आडवं हाय. पोरीची फकस्त एक सही." मुंजाजींनी हात जोडले. रोहिणी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. सप्ताहात टाळ वाजवताना आबांचा चेहरा असाच होता.

"माज्या सुनेलाच इचारा की," दगडाबाई हसून म्हणाली. "हिनं बी सहीच दिली. काय कमी हाय का हिला?"

रोहिणीनं कप खाली ठेवला.

"बाहेरची गाडी माज्या नावावर हाय काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन सालात आज दुसऱ्यांदा बसले मी तिच्यात. हप्ता माज्या पगारातून जातो. नाव माजं बिघडलं. माज्या बापाला शेवटच्या दुखन्यात मी येष्टीत उभं करून ह्या गावाला आणलं, अन् गाडी शेडमधी झाकून ठिवलेली व्हती." मग ती सुनिताकडं वळली. "हुंडाच हाय ह्यो. बापाकडून न्हाई, पोरीकडून घेत्यात, एवढाच फरक. रोख दिलेला एकदाच जातो बाई. ही सही दर म्हैन्याला घेत्यात. देऊ नको."

अभिमन्यू मोबाइलमध्ये बघत होता. दगडाबाई म्हणाली, डोकं फिरलंय हिचं, बाप मेल्यापास्नं आसंच करती. अजिनाथ उठला आणि बारीक आवाजात म्हणाला, गाडीत बस.

"तुमी जावा," रोहिणी म्हणाली. "परवा चावी मला लागंल. माज्या नावावरची हाय, मी ती इकणार. येईल त्या भावात."

गाडी निघून गेली. रोहिणीला त्या घरात कुणी थांब म्हणालं नाही. मुंजाजी भांबावून दारात उभे होते. सुनितानं चप्पल घातली, तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आली आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिनं सही केली नाही, हे पुढं कळलं. रोहिणीनं तिकीट काढलं ते लिंबागणेशचं. शेजारची जागा रिकामी होती. तिनं तिथं पिशवी ठेवली नाही; आबांना बसायला असावी तशी मोकळीच ठेवली.

गाडी विकली गेली. उंदरांनी आणि बुरशीनं खाल्ला तेवढा भाव खालीच आला. उरलेलं कर्ज ती अजून फेडते आहे. राहते वडिलांच्या घरात, एकटीच. पण सप्ताहाला जाते आणि बायकांच्या रांगेत आबांचे टाळ घेऊन बसते. यंदा काल्याच्या कीर्तनात बुवांनी एका बिनहुंड्याच्या लग्नाला शाल उचलली, तेव्हा ती उभी राहिली आणि हात जोडून विचारलं, "महाराज, गाडीचं कर्ज कुनाच्या नावावर हाय तेवढं इचारा, मग शाल घाला." मंडपात कुजबुज झाली, काही जण हसलेही. बुवांनी मात्र शाल घडी करून पुन्हा ताटात ठेवली, आणि विचारलं.

तेव्हा मायबाप हो, एवढंच मागणं आहे. उद्या कुठल्या मांडवाच्या दारात हार घातलेली नवी गाडी दिसली, तर टाळीसाठी हात उचलण्याआधी पंडितांना आठवा. त्या गाडीच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या होत्या, आणि आत कधी बसलेच नाहीत.