उकंडरावाच्या बेंजोतलं कडं

पिंपळगाव राजात सायकली दुरुस्त करणाऱ्या उकंडरावाला बेंजो मिळाला तो १९६४ साली. जलंब स्टेशनावरचा एक गोव्याचा गार्ड नोकरी सोडून गावी निघाला होता. त्यानं एका जुन्या सायकलीच्या बदल्यात तो देऊन टाकला. भजनात वाजतो तो बटणांचा बेंजो नव्हे. हा विलायती, डफाला लांब दांडी बसवावी तसा, पाच तारांचा.

"आतलं धातूचं कडं हरवलंय," गार्ड जाताना म्हणाला. "ते कातड्याखाली, लाकडी गोलावर बसतं. त्याच्याशिवाय आवाज नाही."

आवाज होता, पण उशी बडवल्यासारखा.

उकंडराव कडं घडवायला बसला. पहिलं केलं सायकलच्या रिमचे तुकडे जोडून. तार छेडताच समोरच्या किराणा दुकानातल्या वामनरावांच्या दाढा शिवशिवल्या.

"काय कापून राह्यला बे?" ते ओरडले.

"भूपाळी वाजवून राह्यलो!"

दुसरं केलं अंगणातल्या वाळत घालायच्या तारेला पीळ देऊन. आवाज आला बाटलीत माशी कोंडल्यासारखा. त्या दिवशी त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, लुगडी बाभळीवर वाळत घातली आणि काटे काढता काढता नवऱ्याचा उद्धार केला. तिसरं कडं पिठाच्या चाळणीचं. कातडं ताणताच ते वाकलं, आणि बेंजो शिंकल्यासारखा होऊन गप्प झाला.

मग एका दुपारी, झुंबरबाई कापूस वेचायला गेली असताना, त्याची नजर फळीवरच्या काशाच्या ताटावर गेली. ताट तिच्या माहेरचं. त्यानं टिचकी मारली. ताट कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं. दोरीनं मापलं, तर माप तंतोतंत. आपण नुसता काठ कापतोय, ताट तर तसंच राहतंय, अशी मनाची समजूत घालून त्यानं करवत लावली. उरलेली चकती फळीवर नीट उभी करून ठेवली.

त्या संध्याकाळी बेंजो असा वाजला, की वामनराव गिऱ्हाईक सोडून दाराशी आले.

रविवारी जळगाव जामोदहून सासरे आले. पंजाबराव लेकीकडे जेवत ते त्याच ताटात. स्वयंपाकघरात उजेड कमी, झुंबरबाईची घाई. तिनं चकतीवर भात वाढला, वर पळीभर वरण ओतलं. वरण चारी दिशांनी निघालं. पंजाबरावांनी धोतर सावरत गुडघे वर घेतले.

"झुंबर," ते शांतपणे म्हणाले, "ताटाले काठ काऊन नाई वं?"

झुंबरबाईनं ताटाकडे पाहिलंच नाही. सरळ नवऱ्याकडे पाहिलं. "सांगा."

"मामाजी, काठ हाय," उकंडराव चाचरला. "पण... आता वाजते तो."

त्यानं बेंजो आणला आणि भूपाळी सुरू केली. पंजाबरावांचा घास हातातच राहिला.

"थांब! हा आवाज मले वळखू येते. झुंबर झाली तवा म्या हेच ताट बडवलं होतं. लोक म्हनत, पोरीसाठी कोनी ताट बडवते काय! म्या म्हटलं, ताट माहं, पोरगी माही. हिची माय बाजेवरून वरडे, बंद करा आता!"

बेंजो हिसकायला उठलेली झुंबरबाई खाली बसली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"लय बडवलं होतं का, बाबा?"

"तीन दिवस."

तिनं पदरानं डोळे पुसले, चकतीखाली परात सरकवली आणि नवऱ्याला म्हणाली, "वाजवा आता. पन नवं ताट आनत नाई तोवर तुमाले वरन नाई. कोरडा भात खा."

उकंडरावानं दीड महिना कोरडा भात खाल्ला, आणि वाजवलंही.

महिन्याभरानं जळगाव जामोदच्या बसनं एक पोतं आलं. आत पितळी झाकण, म्हशीच्या गळ्यातली घंटा, दोन जुन्या घागरींचे गळे आणि सासऱ्यांची चिठ्ठी: 'जवाई, यातलं कोनतं चांगलं वाजते ते कळवजा. सासूले सांगू नोका.'

पोतं आधी झुंबरबाईनं उघडलं. एक गळा जुना नव्हताच. तो आईच्या रोजच्या घागरीचा होता. तो आईला परत द्यायला ती जळगाव जामोदच्या बसला निघाली. बस दुपारी तीनची होती. तोवर उकंडराव म्हणाला, "एकदाच बसवून पाहू का वं?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली, "पन लवकर."